सेन्नाचा व्हायझर आणि मामांची ट्रंक

प्रश्न: मी नाशिकला नोकरी करतो. १९९४ मध्ये ब्राझीलचा रेसिंग ड्रायव्हर आयर्टन सेन्ना गेला तेव्हा मी शाळेत होतो, तेव्हापासून फॉर्म्युला वनचं वेड आहे. आता एका परदेशी विक्रेत्याने सेन्नाची सही असलेला हेल्मेटचा व्हायझर (डोळ्यांसमोरची पारदर्शक पट्टी) देऊ केलाय. १९९१ च्या ब्राझील ग्रां प्रीत वापरलेला, सर्टिफिकेटसह, १ लाख ८५ हजार रुपयांना. दोन दिवसांत पैसे पाठवायचे आहेत, त्यासाठी एफडी मोडावी लागेल. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ही गुंतवणूक ठरेल का? आणखी एक. माझे मामा मुंबईत गॅरेजवाले होते, सत्तरच्या दशकात मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींना मेकॅनिक म्हणून जायचे. ते गेल्या वर्षी वारले. दादरचं घर रंगवायला काढलंय म्हणून मामी माळा रिकामा करतायत. मामांच्या ट्रंकेत त्यांची डांगरी, काही बिल्ले, शर्यतींच्या कार्यक्रमपत्रिका, फोटो वगैरे आहे. मामी विचारतात, "नेतोस का रद्दीवाल्याला देऊ?" त्याला काही किंमत असेल का?
– वेगवेडा, नाशिक

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते. पुढचं वाचायच्या आधी मामींना फोन लावा आणि सांगा, "ट्रंक तशीच राहू द्या, मी रविवारी येतोय." रद्दीवाला कागद किलोवर घेतो आणि संध्याकाळपर्यंत तो पुढच्या गोदामात गेलेला असतो. व्हायझरचं काय करायचं ते दोन महिन्यांनी ठरवलंत तरी काही बिघडत नाही. ट्रंकेला तेवढा वेळ नाही.

फोन झाला असेल तर आता व्हायझर. घेऊ नका.

तुमचं सेन्नावरचं प्रेम मला समजतं. त्यातही विक्रेत्याने शर्यत कुठली निवडली पाहा! २४ मार्च १९९१, ब्राझीलचा इंटरलागोस ट्रॅक. सेन्नाचा मायदेशातला पहिला विजय. गिअरबॉक्स दगा देत गेला, शेवटी गाडी सहाव्या गिअरमध्येच अडकली आणि तरी त्याने ती शेवटापर्यंत नेली. हातखांदे इतके आखडले होते की त्याला गाडीतून बाहेर यायला मदत लागली आणि ट्रॉफी कशीबशी डोक्यावर धरता आली. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांसमोर असलेला व्हायझर आपल्या घरात असावा असं कुणाला वाटणार नाही? विक्रेत्यालाही हे पक्कं ठाऊक आहे. खोटा माल नेहमी सर्वांत गाजलेल्या शर्यतीच्या नावावर खपवला जातो. सेन्ना नवव्या-दहाव्या क्रमांकावर होता त्या शर्यतीचा व्हायझर कुणी विकायला काढल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

मुळात व्हायझर म्हणजे वाकवलेल्या प्लॅस्टिकचा तुकडा. त्याला स्वतःची किंमत नाही. पैसे मोजायचे ते तो हेल्मेटवरून निघून तुमच्यापर्यंत कसा आला, कुणाकुणाच्या हातून आला, याचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टुटगार्टला मर्सिडीजची डब्ल्यू १९६ आर ही स्ट्रीमलाइनर गाडी लिलावात ५ कोटी ११ लाख ५५ हजार युरोंना गेली. अर्जेंटिनाचा जगज्जेता ड्रायव्हर फॅन्जिओ याने १९५५ मध्ये ब्युनोस आयर्सला ती चालवून शर्यत जिंकली होती, त्याच वर्षी इटलीत मोंझाला ती इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉसच्या हातात होती. पण एवढी बोली लागली त्यामागे आणखी एक कारण आहे. १९६५ मध्ये मर्सिडीजने स्वतः ही गाडी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या संग्रहालयाला दिली आणि तेव्हापासून ती तिथेच होती. कारखाना, शर्यत, संग्रहालय, लिलाव, मध्ये एकही वर्ष अंधारात नाही. तुमच्या व्हायझरच्या बाबतीत १९९१ ते आजपर्यंतचा सगळा काळ अंधारात आहे आणि त्यावर झाकण म्हणून एक सर्टिफिकेट ठेवलंय.

या सर्टिफिकेटबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण तुमच्यासारखी पुष्कळ माणसं तिथेच फसतात. होलोग्राम चिकटवलेला चकचकीत कागद कुणालाही छापून घेता येतो. तो कुणी दिला, त्या माणसाने वस्तू कशावरून तपासली, उद्या ती खोटी निघाली तर तो पैसे परत करायला बांधील आहे का, हे त्यावर लिहिलेलं नसेल तर तो कागद फ्रेमच्या मागे लावायच्या पुठ्ठ्याइतकाच कामाचा. त्यापेक्षा संघातल्या मेकॅनिकचं दोन ओळींचं पत्र, जुन्या लिलावाचा लॉट नंबर, सही करतानाचा फोटो, यातलं एखादं मिळालं तर बोलणं पुढे न्यावं.

वस्तू स्वतःही बोलते, म्हणून विक्रेत्याकडे काही जवळचे फोटो मागा. व्हायझर हेल्मेटला जिथे स्क्रूने बसतो तिथली भोकं, दोन्ही बाजूंनी. वर-खाली करताना तो हेल्मेटच्या कवचावर घासतो, त्यामुळे वापरलेल्या व्हायझरवर बिजागरीभोवती अर्धगोल पुसट ओरखडे असतात. शर्यतीत ड्रायव्हर वरच्या पातळ फिल्म एकेक करून फाडून टाकतात, त्या अडकवण्याच्या खुंट्याही दिसायला हव्यात. हेल्मेट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या व्हायझरचा आकार आणि स्क्रूची जागा वेगळी असते. त्या दिवसाचे सेन्नाचे फोटो भरपूर छापले गेलेत, वरच्या पट्टीवरचे स्टिकर आणि त्यांची जागा त्यांच्याशी जुळते का ते बघा. ओरखडे सगळे एकाच दिशेने, एकसारखे, बारीक असतील तर ते सँडपेपरचे समजा.

सहीचंही तसंच. रोज शेकडो सह्या करणारा माणूस पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या दुरुस्त करायच्या जागेत) उभ्या-उभ्या सही करतो तेव्हा पेन टेकायच्या आधीच हात चालायला लागलेला असतो. रेघेचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक निमुळतं होतं, वळणावर वेग दिसतो. नक्कल करणारा सही लिहीत नाही, चितारतो. त्याची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते, मध्येच थबकते आणि थबकते तिथे शाईचा ठिपका वाढतो. सही वर्षागणिक बदलते, म्हणून १९९१ ची सही १९९१ च्याच आसपासच्या खऱ्या सह्यांशी ताडायची. संघ जी ड्रायव्हरची कार्डं वाटायचे त्यांपैकी कितीतरी कार्डांवर सही छापलेलीच असे. तीही 'ओरिजिनल' म्हणून विकली जातात. दहापटीचं भिंग लावलं की छपाईचे ठिपके दिसतात. शे-दोनशे रुपयांचं भिंग मिळतं, पहिली खरेदी तीच करा.

हे सगळं जुळलं तरी मी नकोच म्हणेन, कारण किंमतच जुळत नाही. इंटरलागोस १९९१ चा खरा, कागदपत्रांसकट व्हायझर ज्याच्याकडे असेल तो बॉनहॅम्स किंवा आरएम सदबीजसारख्या लिलावगृहाचं दार ठोठावेल. नाशिकच्या अनोळखी माणसाला दोन दिवसांची मुदत देऊन पावणेदोन-दोन लाखांत तो का विकेल? घाई करणाऱ्याला नकार द्यायला याहून जास्त कारण लागत नाही.

गुंतवणुकीचं म्हणाल तर नाही. लिलावातून घ्यायला गेलात तर बोली जिथे थांबते त्यावर लिलावगृहाची दलाली चढते, ती बरेचदा पंचवीस टक्क्यांच्या आसपास. मग कुरियर, विमा, आणि भारतात कस्टम्स ड्युटी. ती वस्तूच्या किमतीवर भाडं आणि विमा धरून लागते, त्यावर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. म्हणजे वस्तू दारात येईपर्यंत तुम्ही बऱ्याच तोट्यात असता. विकायची वेळ आली की हाच प्रवास उलट्या दिशेने. बातम्यांत झळकतात त्या गाड्या आणि नामवंतांची हेल्मेटं. आपल्यासारख्यांच्या आवाक्यातल्या वस्तू आवडीसाठी घ्याव्यात आणि खर्च झाला असं समजून विसरून जावं. एफडी मोडून तर मुळीच घेऊ नये. आणि पत्नीला सांगा. त्यांनी नाही म्हटलं असतं म्हणून सांगितलं नाही, हे तुम्हालाही आतून ठाऊक आहे. वर्षाला एक ठरावीक रक्कम दोघांनी मिळून ठरवा. पाच हजार ठरली तरी चालेल. चोरून घेतलेली वस्तू कपाटातच राहते, दिवाणखान्यात येत नाही.

आता ट्रंकेकडे येऊ. माझं खरं लक्ष तिच्याकडेच लागलंय.

शोलावरम म्हणजे चेन्नईच्या उत्तरेला इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलेली धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. पुढची कितीतरी वर्षं देशातल्या सर्वांत मोठ्या शर्यती याच धावपट्टीवर झाल्या. फियाट, हेरल्ड, जावा, येझदी, बुलेट, गॅरेजमध्ये रात्री जागून 'तयार' केलेल्या गाड्या, आणि त्यांच्या शेजारी संस्थानिक आणि उद्योगपतींनी बाहेरून आणलेली यंत्रं. विजय मल्ल्यांनी तिथे एन्साइन ही फॉर्म्युला वनची गाडी चालवली. हेच मल्ल्या पुढे फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाचे मालक झाले. १९९० मध्ये चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक तयार झाला आणि शोलावरमचं पर्व संपलं.

या पर्वाची नोंद फार थोडी उरली आहे. टीव्हीवर चित्रण नव्हतं, वर्तमानपत्रांत चार ओळी यायच्या, त्याही जिंकणाऱ्याबद्दल. मुंबईहून तिकडे गेलेल्या मेकॅनिकांची नावं कुणी लिहिली? सेन्नाच्या शर्यतींचा प्रत्येक लॅप जगाने जपून ठेवलाय. तुमच्या मामांनी ज्या गाडीचा कार्ब्युरेटर रात्री दोन वाजता उघडला तिचा पुरावा कदाचित त्या एका ट्रंकेतच असेल. एका वेगवेड्या माणसाने हातचं सोडून पळत्यामागे लागू नये असं मला मनापासून वाटतं.

कार्यक्रमपत्रिका आधी बघा. शर्यतींच्या पत्रिकेत साधारणपणे प्रत्येक शर्यतीची यादी असते: गाडीचा नंबर, चालकाचं नाव, गाडी, इंजिनाची सीसी. समासात पेन्सिलीने काही लिहिलंय का ते नीट पाहा. पिटमध्ये उभा असलेला मेकॅनिक लॅपचे टाइम तिथेच टिपायचा, निकालाचे आकडे नावापुढे घालायचा, कुणाची गाडी बंद पडली तिथे फुली मारायचा. हे 'घाण झालंय' म्हणून खोडरबर हातात घेऊ नका. कोऱ्या करकरीत पत्रिकेपेक्षा अशी पत्रिका कितीतरी मोलाची, कारण त्या दिवशी ती तिथे होती याची साक्ष ती स्वतः देते. तुमच्या व्हायझरकडे नेमकं हेच नाही.

बिल्ले पितांबरीने किंवा चिंचेने घासू नका, ब्रासोही नको. मिना उडतो आणि धातूवरचा जुना रंग गेला की परत येत नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसा, बस. डांगरी धुवायला टाकू नका, मामींना हे दोनदा सांगा, कारण त्या प्रेमापोटी साबणात भिजवतील. ऑइलचे डाग राहू द्यात. आधी सगळे खिसे तपासा: पास, पेट्रोलची पावती, प्लगचा गॅप मोजायची पट्टी, काहीही निघू शकतं. मग सुती कापडात सैल गुंडाळा, घडीच्या जागी तेच कापड भरा म्हणजे कापडाला चीर पडणार नाही.

फोटो काळ्या कागदाच्या अल्बममध्ये कोपऱ्यांत अडकवलेले असतील तर तसेच राहू द्या. प्लॅस्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, आधी पानासकट फोटो घ्या आणि सहज सुटतात तेवढेच सोडवा. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असते, तिचाही फोटो घ्या. नावं लिहायची ती फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

आणि कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका. आपल्याकडे दहावीच्या मार्कलिस्टपासून आजोबांच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट करायची सवय आहे. त्या उष्णतेने कागद कायमचा प्लॅस्टिकमध्ये अडकतो, पुढे पिवळा पडला तरी काढता येत नाही. सेलोटेपही नको. आम्लविरहित कागदाची पाकिटं किंवा पॉलिएस्टरचे स्लीव्ह मिळतात, ते घ्या. पीव्हीसीचे साधे फोल्डर चिकट होतात. हे सगळं गोदरेजच्या कपाटात ठेवा, पण कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते आणि बुरशी पहिल्यांदा कागदाला लागते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा. दादरच्या माळ्यावरून आलेल्या कागदांना कसर असण्याची शक्यता बरीच, तेव्हा ट्रंक थेट पुस्तकांच्या कपाटाशेजारी नेऊन उघडू नका. गॅलरीत सावलीला उघडा, एकेक पान झटका, मऊ ब्रशने साफ करा, मगच घरात घ्या.

पण त्या रविवारचं सर्वांत महत्त्वाचं काम यातलं एकही नाही. मामींच्या शेजारी बसा, फोन रेकॉर्डिंगला ठेवा आणि एकेक फोटो त्यांच्यापुढे धरा. हा कोण? ही गाडी कुणाची? मुंबईहून मद्रासला गाडी कशी नेली, ट्रकवर, मालगाडीने की चालवत? मामा किती दिवस जायचे, पैसे मिळायचे का, परत आल्यावर काय सांगायचे? मामी "मला काय कळतंय त्यातलं" म्हणतील. थांबा, चहा होऊ द्या. नवरा पंधरा दिवस घर सोडून गेलेला कुठलीही बाई विसरत नाही. मामांच्या गॅरेजमधला एखादा जुना सहकारी हयात असेल तर त्यांच्याकडेही जा. आत्ताच जा.

ट्रंक मामींची आहे, हेही लक्षात ठेवा. त्या रद्दीला द्यायला निघाल्या म्हणून ती आपोआप तुमची होत नाही. मामेभाऊ-मामेबहिणी असतील तर त्यांना विचारा, काय काय नेताय त्याची यादी करून एक प्रत मामींना द्या आणि स्कॅन केलेले फोटो सगळ्यांना पाठवा. पैशांत किंमत किती, हेही तुम्ही विचारलंय. आज भारतात या वस्तूंचा बाजार लहान आहे, फार मोठी रक्कम कुणी देणार नाही. ती विकायचीच नाही असं आधीच ठरवलंत तर पुढची कितीतरी भांडणं टळतील.

फॉर्म्युला वन सोडा असं मी म्हणत नाही. उलट त्यातही आपल्याशी जोडलेला धागा धरलात तर थोड्या पैशांत नेटका संग्रह होईल. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन नावाच्या संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्याच वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर वापरणारे सगळे संघ बाजूला झाले, सहाच गाड्या धावल्या आणि तो चौथा आला. त्या शर्यतीची पत्रिका आणि त्याचं जॉर्डनचं कार्ड शोधा. २०१० चा हिस्पानिया संघाचा ड्रायव्हर करुण चांडोक आहे. २००९ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फोर्स इंडियाच्या फिसिकेलाने पोल (सर्वांत पुढून सुरुवात करायची जागा) घेऊन दुसरा क्रमांक काढला तो दिवस आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच ग्रां प्री झाल्या आणि तिन्ही जर्मनीच्या सेबास्टियन वेटेलने जिंकल्या. पहिल्या वर्षी तर सरावाच्या पहिल्याच सत्रात ट्रॅकवर कुत्रं आलं म्हणून लाल झेंडा दाखवून सराव थांबवावा लागला होता! तिथे गेलेल्या हजारो लोकांच्या ड्रॉवरमध्ये अजून तिकिटं, गळ्यातले पास, पत्रिका पडून आहेत. मार्शल (ट्रॅकवरचे सुरक्षा-स्वयंसेवक) म्हणून काम केलेल्यांकडे त्यांची जॅकेटं आहेत. विचारलंत तर लोक आनंदाने देतात आणि कुठून आलं ते समोरासमोर सांगतात. ते तिथल्या तिथे वहीत लिहून ठेवा: कुणाकडून, कधी, ते त्या दिवशी कुठे बसले होते. नाशिकलाही राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. गाडीवर लावायच्या रॅलीच्या पाट्या आणि नॅव्हिगेटरची रोडबुकं तुमच्या गावातल्याच कुठल्यातरी गॅरेजमध्ये असतील.

टायर मात्र घेऊ नका, तो कुठे ठेवायचा यावरून घरात वाद होतो आणि रबर फरशीला डाग पाडतं.

ट्रंक आली की एक करा. गाडीचा नंबर स्पष्ट दिसतो असा एखादा फोटो आणि त्याच वर्षाच्या पत्रिकेतलं यादीचं पान, दोन्ही स्कॅन करून मला पाठवा. नंबरावरून चालक आणि शर्यत ठरवता येते का ते पाहू. ते जमलं तर मामांच्या फोटोखाली घालायला नाव, गाडी आणि तारीख मिळेल.

– तुमची सदरलेखिका